कुणी चारलं?

चिकटपट्टीचा एक कोपरा सुटला होता. चंदनानं तो अंगठ्यानं दाबला, तो बसला, आणि तिनं हात काढताच पुन्हा उठला. खाटेच्या लोखंडी दांडीवर काल संध्याकाळी सरिता सिस्टरनं ती पांढरी पट्टी लावली होती आणि तिच्यावर निळ्या पेनानं ठळक अक्षरांत लिहिलं होतं — उपाशी. पोरीचं नाव नाही, वय नाही, आजार नाही. आठ वर्षांची सन्मती, जन्मताना रडायला उशीर झाला म्हणून मेंदूला जो काही धक्का बसला तो हातापायांत घेऊन जगणारी, चार शब्द बोलणारी आणि चाळीस प्रकारांनी हसणारी... ते सगळं पुसून इथं एकच शब्द उरला होता, आणि चंदनाला सकाळपासून वाटत होतं की त्या शब्दाखाली जी कोरी जागा आहे ती आपल्यासाठी सोडलेली आहे. उपाशी ठेवण्याची जबाबदारी अमक्या बाईची. म्हणजे काही झालं तर शोधत बसायला नको.

काल संध्याकाळी साडेपाच. मुगाची खिचडी, पातळ, मिक्सरमधून फिरवलेली, सात चमचे. त्यानंतर काही नाही. आज सकाळी साडेसहाला चार चमचे साधं पाणी, तेही इथल्याच डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. हे ती सकाळपासून चार जणांना सांगून चुकली होती आणि चौघांनीही ऐकून घेतल्यावर मान थोडी तिरकी करून विचारलं होतं — नक्की?

नक्की म्हणजे काय... पोरीच्या पोटात काय गेलं हे आईला नक्की माहीत नसतं, तर कुणाला असतं? या पोरीला एक वाटी भरवायला पाऊण तास लागतो. मान धरायची, हनुवटी उचलायची, चमचा जिभेच्या कडेला टेकवायचा, गिळल्याचा आवाज येईपर्यंत थांबायचं, ठसका लागला तर पाठीवर घ्यायचं, मग पुढचा चमचा. आठ वर्षांत प्रत्येक घास मोजून दिलेली बाई मी, आणि मला विचारतात, चुकून काही दिलं तर नाही ना.

"अन् रातच्याले?" सरिता सिस्टर पाचवी. तापमापी झटकत तिनं सहज विचारलं. "दूध-बिध?"

"आमच्यात दिवस बुडाल्यावर कोणी खात नाही, सिस्टर."

"मी तुमचं नाही, पोरीचं विचारून राह्यली."

"पोरगी आमच्यातलीच हाय."

सरितानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि ती पुढच्या खाटेकडे गेली. बाई वाईट नव्हती, काल रात्री तिनंच सन्मतीला जास्तीची उशी आणून दिली होती. पण चंदनाच्या कानशिलातली शीर तटतटायला लागली ती लागलीच. वाशिममध्ये जानेवारीची थंडी होती, खिडकीची काच घट्ट बसत नव्हती, आणि तिला घाम येत होता.

स्टुलावर ती हिरवी फाइल पडली होती. दहा महिन्यांपूर्वीच्या, दुसऱ्या गावच्या, मोठ्या दवाखान्याची. आणायची नव्हती तिला. नवरा, महावीर, म्हणाला, डॉक्टरांना जुनं सगळं दाखवावं लागतं, लपवून कसं चालेल. लपवायला मी काय चोरी केली आहे, असं ती त्याच्यावर खेकसली होती आणि मग स्वतःच फाइल पिशवीत घातली होती. तिच्या तिसऱ्या पानावर खालून दुसऱ्या ओळीत इंग्रजीत एक वाक्य होतं. मालेगावला बी.कॉम. करताना इंग्रजीनं तिला दोनदा रडवलं होतं, पण ते वाक्य तिला पहिल्या झटक्यात समजलं. सूचना देऊनही नातेवाइकांनी मुलीला चारले, पालकांचे सांगणे विश्वासार्ह नाही. खाली सही. सही करणाऱ्या पोरसवदा डॉक्टरचं वय फार तर सव्वीस असेल.

सहा महिन्यांत करून घ्या, असं हाडांचे डॉक्टर तेव्हा म्हणाले होते. मांड्यांचे स्नायू आखडून पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, त्यानं खुबा जागेवरून सरकतो आहे. आता सैल केले तर पोरगी निदान आधारानं बसेल, उशीर केला तर खुबा निखळेल आणि मग जन्माची कळ. गेल्या आठवड्यात इथल्या डॉक्टरांनी खुब्याचा नवा एक्स-रे उजेडासमोर धरला तेव्हा चंदनाला कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. गोळा वाटीबाहेर आला होता. दहा महिने गेले होते, कारण त्या एका ओळीनंतर तिथं पुन्हा तारीख मिळेना — आधी नियम पाळायला शिका, मग या.

त्या दिवशीही खिचडीच होती. दिवस मावळायच्या आत दिलेली. सकाळी आठला कागदांवर शिक्का आणायला ती खिडकीसमोर रांगेत उभी होती, चाळीस मिनिटं, आणि सन्मतीजवळ प्रेमाबाई बसली होती... सासू. चंदना परतली तेव्हा प्रेमाबाई पदरानं पोरीचं तोंड पुसत होती. मग पोरीला आत नेलं. मग पळापळ. भुलीचा मुखवटा लावला न लावला तोच पोरगी ओकली, ते श्वासनळीत गेलं, ओठ निळे पडले. पाच दिवस ऑक्सिजन. आणि तो पोरसवदा डॉक्टर बाहेर येऊन, अख्ख्या वॉर्डासमोर, चादरीवरचे पिवळे कण दाखवत म्हणाला होता, ही खिचडी कालची आहे असं मला सांगताय? चौदा तास पोटात खिचडी राहते का, बाई? खरं सांगा, कुणी चारलं?

कुणी चारलं...

तो निघून गेला. वॉर्डातल्या बायकांच्या नजराही दोन दिवसांत दुसरीकडे वळल्या. प्रश्न मात्र चंदनानं घरी आणला. शिरपूरच्या घरात, दुकानामागच्या त्या दोन खोल्यांत, तो तिच्याबरोबर राहायला लागला. मी चारलं नाही. मग कुणी? चाळीस मिनिटं तिच्याजवळ कोण होतं? पदरानं तोंड कुणी पुसलं? खडीसाखरेची डबी कुणाच्या पिशवीत होती? आदल्या दिवशीच्या खिचडीचा डबा खाटेखाली कुणाच्या पायाशी होता? नात रडली असेल, म्हातारीचा जीव तुटला असेल, दोन चमचे दिले असतील, आणि नंतर सांगायची छाती झाली नसेल. इतकं सरळ होतं सगळं. तिनं विचारलंही होतं, एकदाच, तिथंच दवाखान्याच्या जिन्यात. प्रेमाबाई म्हणाली, "म्या काई देल्लं नाही वं माय." आणि तिसऱ्या दिवशी म्हातारीनं मीठ सोडलं. मंदिरात जाऊन नियम घेऊन आली. किती दिवसांचा, कशासाठी, चंदनानं विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? खाई त्याला खवखवे. ज्यानं काही केलं नाही तो प्रायश्चित्त कशाला घेईल?

दहा महिने ती सासूसाठी वेगळी दाळ काढत होती. फोडणी देण्याआधी, मीठ घालण्याआधी, एक वाटी बाजूला. आणि दर वेळी ती वाटी ताटात ठेवताना तळ जरा जोरात आपटायचा. कैद्याला भाकरी टाकावी तसा, हे तिला स्वतःलाही ठाऊक होतं. आणि ठाऊक असून बरं वाटायचं, हेही खरं. निदान कुणीतरी शिक्षा भोगतंय.

आणि आज बघा. काल रात्री प्रेमाबाई इथं वॉर्डात थांबलीसुद्धा नाही. गावातल्या चंदाबाईकडे, लांबच्या नातलगाकडे, झोपायला गेली. सकाळी सातला रिक्षानं आली ती बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जी बसली ती बसलीच. जपमाळ हातात. नातीला आत नेणार आहेत आणि आजी दाराच्या आत पाय टाकत नाही. दोनदा चंदनाला मोरीकडे जायचं होतं. दोनदा तिनं शेजारच्या खाटेवरच्या परक्या बाईला, पोरीकडे पाहा बरं जरा, असं सांगितलं. सख्खी आजी वीस पावलांवर माळ ओढते आहे आणि मला परकीचे पाय धरावे लागतात... तोंड कसं दाखवेल म्हणा.

"सन्मती कोण? तूच का?"

भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या होत्या. डॉ. वैभवी. पस्तिशीच्या, पायात साध्या चपला, मागे वॉर्डबॉय ढकलत आणत असलेलं चाकांवरचं छोटं मशीन. चंदना उभी राहिली आणि कुणी काही विचारायच्या आत तिच्या तोंडून बाहेर पडलं — काल साडेपाचला खिचडी, सात चमचे, सकाळी साडेसहाला चार चमचे पाणी, बाकी काही नाही, आमच्यात दिवस बुडाल्यावर...

"बरं," डॉक्टर म्हणाल्या. एवढंच. नक्की का, असं नाही. मान तिरकी नाही. चंदनाला पायरी चुकल्यासारखं झालं.

"आता हिचं पोट बघू. सोनोग्राफीच आहे, दुखत नाही. गार लागेल फक्त."

बेंबीच्या वर जेल लावलं आणि सन्मती आपलं ते एक हसू हसली, गुदगुल्यांचं, सगळं अंग ताठ करून, पाय एकमेकांवर चढवून. डॉक्टर थांबल्या. हसू ओसरू दिलं. मग दोघींनी मिळून पोरीला उजव्या कुशीवर वळवलं. चंदनानं तिचे गुडघे धरून ठेवले. पडद्यावर करडा धूर हलायला लागला. डॉक्टर एका जागी थबकल्या, हात अगदी किंचित फिरवला, पुन्हा थबकल्या. चंदना पडद्याकडे पाहत नव्हती. ती डॉक्टरांच्या भुवयांकडे पाहत होती, आणि त्या भुवया जवळ आलेल्या तिला दिसल्या.

"पोट रिकामं नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"मी काही चारलं नाही." आवाज इतका मोठा निघाला की पलीकडच्या खाटेवरचं पोर रडायला लागलं. "मॅडम, मी काही चारलं नाही. रात्रभर मी इथंच होती. डोळा लावला नाही. तुम्ही फाइल वाचली असेल. त्यात लिहिलं ते खोटं हाय. मी विश्वासाची हाव."

"मी कुठं म्हणाले तुम्ही चारलं?" डॉक्टरांनी मशीन तिच्याकडे वळवलं. "हे बघा. हा पोटाचा खालचा भाग. रिकामा असता तर चपटा दिसला असता, फुगा हवा काढून ठेवल्यासारखा. हा फुगलेला आहे आणि आत कण आहेत, दिसतात? पाणी असतं तर काळं दिसलं असतं. हे पाणी नाही. ही तुमची खिचडी आहे."

"पण पंधरा तास..."

"हो, पंधरा तास. आठ तासांचा नियम केलाय तो धडधाकट पोरांच्या पोटावरून. हिच्यासारख्या बऱ्याच मुलांचं पोट हळू चालतं. मेंदूचा हुकूम जसा पायांना नीट पोचत नाही, तसा आतड्यांनाही पोचत नाही. शौचाला चार-चार दिवस होत नाही ना?" चंदनानं मान डोलावली. "अधूनमधून जेवल्यावर बऱ्याच वेळानं उलटी?" चंदनानं पुन्हा मान डोलावली. "म्हणूनच मी घड्याळावर भूल देत नाही. आधी आत बघते."

त्यांनी स्टुलावरची हिरवी फाइल उचलली, तिसरं पान काढलं, वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, पण फाइल त्यांनी ठेवली ती उलटी ठेवली.

"हे असंच तिथं झालं असेल?" चंदनानं विचारलं.

"मी तिथं नव्हते. पण आज जे दिसतंय ते बघता... बहुतेक असंच. कुणी चारायची गरज नव्हती."

"असं मशीन तिथं नव्हतं?"

"मशीन असतं. पोट बघायला कुणी आणत नाही."

ऑपरेशनची नऊची वेळ गेली, असं त्या म्हणाल्या. दुपारी एकला पुन्हा बघू. रिकामं झालं तर करू, नाही तर नळीनं काढून घेता येतं का ते पाहू, नाहीच जमलं तर उद्या. खुब्याला एक दिवस चालेल, आणखी दहा महिने चालणार नाहीत. त्या मशीन घेऊन गेल्या. जेलचा एक थेंब सन्मतीच्या कमरेवर राहिला होता, तो चंदनानं पदरानं पुसला.

मग संताप आला. आला म्हणजे असा आला की तिला खाटेची दांडी धरावी लागली. दोन मिनिटं! गार जेल आणि दोन मिनिटं. त्याच्यासाठी माझ्या पोरीचे ओठ निळे पडले, पाच दिवस तिच्या नाकात नळी होती, खुब्याचा गोळा वाटीबाहेर आला, आणि मी... मी खोटारडी. बघायचं सोडून हे लोक विचारत बसले. कुणी चारलं, कुणी चारलं. जाईन मी. पहिल्या गाडीनं जाईन आणि त्या पोरसवदा डॉक्टरला त्याच वॉर्डात, त्याच खाटेजवळ उभा करीन. म्हणेन, डोळे होते तुम्हाला, मशीन होतं, मग आईच्या तोंडावर थुंकायची घाई कसली होती? पुरावा काय होता तुमच्याजवळ? चार पिवळे कण? तेवढ्यावर एका बाईला दोषी ठरवून मोकळे झालात, तिचं सांगणं एकदा तरी खरं मानून पाहिलंत? दहा महिने त्या बाईनं कसे काढले असतील...

ती थांबली. मनातल्या मनात चाललेलं भाषण, पण चालता चालता कुणीतरी खांद्यावर हात ठेवावा तशी ती थांबली.

त्या बाईनं म्हणजे कुणी?

सरिता सिस्टर पाण्याची बाटली बदलायला आली होती. "लांबलं ना ताई? होते असं. घाबरू नका. तुमच्या सासूबाईले सांगा मात्र, काई खाऊन घ्या म्हणा. मी पोहे देऊन राह्यली व्हती सकाळी, हातबी नाही लावला. म्हणे, नातीचं आपरेशन होईस्तोवर मीठ चालत नाही मले. दहा महिने झाले म्हणे." सरिता हसली. "पाह्य बरं, आजीचा जीव."

नातीचं ऑपरेशन होईपर्यंत.

मी विचारलं नव्हतं. एकदाही नाही. रोज वाटी काढली, रोज तळ आपटला, आणि कशासाठी हा एक शब्द तोंडातून निघाला नाही, कारण मला ठाऊकच होतं... त्या पोरसवदा डॉक्टरला ठाऊक होतं तसं. आणि खिचडी! ती तर आदल्या दिवशीची होती. रात्र उलटलेलं अन्न प्रेमाबाईनं आयुष्यात कधी माणसाच्या पुढ्यात ठेवलं नाही. अन्नाची मर्यादा संपली म्हणते आणि सकाळी उठून पहिल्यांदा गाईला नेऊन घालते, महावीरनं कितीही थट्टा केली तरी. बारा वर्षं हे मी डोळ्यांनी पाहते आहे. तिनं खाटेखालचा तो डबा उघडून नातीला शिळं चारलं असेल? हे जगात कुणाला पटलं नसतं तर ते मला पटायला नको होतं. आणि तोंड पुसलं... या पोरीचं तोंड दिवसातून शंभर वेळा पुसावं लागतं, आत्ता मीच पुसलं नाही का? फाइलमध्ये नातेवाईक लिहिलं होतं. नाव नव्हतं त्यात. नाव मी घातलं.

सन्मतीचा डोळा लागला होता. शेजारच्या बाईला खूण करून चंदना उठली. दारापर्यंत बारा पावलं, पुढे व्हरांड्यात आठ. राग कमी झालेला नव्हता. तो जसाच्या तसा छातीत होता, पण त्याला धरायला आता कुणी सापडत नव्हतं. तो पोरसवदा डॉक्टर एकाएकी फार लांबचा आणि फार लहान वाटत होता.

बाकाच्या टोकाला प्रेमाबाई बसली होती. शाल डोक्यावरून घेतलेली. ऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला होतं, तिकडे ती सरकली नव्हती, कारण तिकडून वॉर्डाचं दार दिसत नसावं. चंदनाला पाहून तिची माळ थांबली.

"काय म्हणे डाक्टरीन?"

"नऊले नाही होत. दुपारी पाहतो म्हणे." चंदना बाकाजवळ उभीच राहिली. "पोट भरेल हाय तिचं."

प्रेमाबाईच्या चेहऱ्यावर जे आलं ते चंदनानं याआधी पाहिलं होतं, त्या जिन्यात. फक्त तेव्हा तिनं ते दुसऱ्या नावानं वाचलं होतं.

"म्या आत पायबी नाही ठेवला, चंदना," म्हातारी घाईनं म्हणाली. "रातच्याले म्हणूनच अठी नाही राह्यली. त्या सिस्टरले इचार. सातपासून मी अठीच हाव, पोरीच्या जवळ गेलीच नाही. म्हटलं, कोनाले बोलाले जागा नोको." तिनं मांडीवरची पिशवी उचलली, तिची चेन शेवटपर्यंत ओढली आणि उघडी पिशवी सुनेच्या पुढ्यात धरली. "पाह्य. खडीसाखरबी नाही आनली."

पिशवीत एक धुतलेलं लुगडं होतं, माळेची थैली होती, औषधाची पट्टी होती, आणि सन्मतीचा लाल लोकरीचा मोजा, एकच, जो चंदना काल रात्रभर शोधत होती.

ती बाकावर बसली. पिशवी दोघींच्या मधे उघडी होती आणि प्रेमाबाई ती मागे घेत नव्हती, तपासणी व्हायची वाट पाहत होती. सांगायचं होतं ते एका दमात सांगता येण्यासारखं होतं — कुणी चारलं नाही, तेव्हाही नाही, आजही नाही. सकाळपासून सहा जणांना खिचडीची वेळ न अडखळता सांगणाऱ्या चंदनाला ते वाक्य सुरू कुठून करायचं ते सापडेना. 'आई' म्हणून? ते तर ती रोजच म्हणत होती, वाटी आपटतानाही.

तिनं चेन लावायला घेतली. ती मधेच अडकली. तिनं मोजा बाहेर काढला, चेन पुन्हा ओढली, पुन्हा अडकली.

"राहू दे," प्रेमाबाई हळूच म्हणाली. "उघडीच राहू दे. दिसलेलं बरं असते."

आत सन्मती जागी झाली असावी. तिचा तो लांब, सूर नसलेला हाक मारायचा आवाज आला. दोघींनीही माना वळवल्या. चंदनाच्या हातात मोजा होता. प्रेमाबाई अर्धी उठली, आणि तिनं चंदनाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पुन्हा बसली.